देठाचे काटे

फळ एवढं तुकतुकीत, की हातातून निसटावं. आणि डोक्यावरच्या हिरव्या टोपीला मात्र काटे. वांग्याचा हा तऱ्हेवाईकपणा समजून घ्यायचा तर रानवांग्यापाशी जायला हवं. ते पडीक जागेत आपलं आपण उगवतं. लहानसं झुडूप, पण हात लावायची सोय नाही. खोडावर काटे, फांद्यांवर काटे, पानाच्या मधल्या शिरेवरसुद्धा उभे, सरळ काटे. फूल बघितलं की मात्र नातं लपत नाही: तोच जांभळट रंग, मधोमध परागकोशांचा तोच पिवळाधमक झुबका. फळ सुपारीएवढं, हिरवं, पांढुरक्या पट्ट्यांचं. पिकलं की पिवळं. आणि कडूजहर.

वनस्पतिशास्त्रात याचं नाव सोलॅनम इन्सॅनम. मादागास्करपासून भारतासह थेट फिलिपिन्सपर्यंत ते सापडतं, आणि वांगं त्याच्यापासूनच आशियात घडलं. कुणी ठरवून घडवलं असेल, असं मला वाटत नाही. जरा कमी कडू, जरा कमी बोचरं फळ देणाऱ्या झाडाचं बी राखून ठेवायचं, बस्स. पिढ्यानपिढ्या तेच.

2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून कळलं, की सायटोकायनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या एका जनुकात बिघाड झाला की काटे येणं थांबतं. म्हणजे आपण ज्याला सुधारणा म्हणतो, ती मुळात मोडतोड! ज्या वाणांच्या टोपीवर अजून काटे आहेत, ते अर्धवटच माणसाळले म्हणायचे.

रानाशी सोयरीकही तुटलेली नाही. भुंगा फुलाला घट्ट पकडून अंग थरथरवतो आणि परागकोशांच्या टोकाच्या छिद्रांतून पराग झडतात. बांध कुठे संपतो हे त्याला काय ठाऊक? संकर सहज होतो. 2010 मध्ये भारत सरकारनं बीटी वांग्याची, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याची, लागवड रोखली, तेव्हा हे बाहेरचं जनुक रानवांग्यात शिरेल, ही भीतीही चर्चेत होती.

रानाची मदत मात्र शेतकऱ्याला हवीच असते. मर रोग आणि सूत्रकृमींनी वांगं बेजार झालं, की सोलॅनम टॉर्वम या दुसऱ्या रानटी भावंडाच्या खुंटावर वांग्याच्या रोपाचा शेंडा बांधतात. मूळ रानाचं, फळ शेतातलं. खुंटाला खालून फुटवे आले तर तेवढे वेळच्या वेळी खुडायचे. नाहीतर रानटी खुंटच जोर धरतो.