अंबड-सातपूरच्या कंट्रोल कार्डाला कोणतं सिम्युलेटर?

पंपाचा टायमर, फेज फेल्युअर रिले, स्टार्टरचं कार्ड. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या युनिटांत अशी कार्डं बनवण्याआधी सर्किट संगणकावर चालवून बघायला सिम्युलेटर लागतो. त्यासाठी सरळ कायकॅड हे ओपन-सोर्स सॉफ्टवेअर घ्यावं. सर्किट काढा, तिथेच एनजीस्पाइस या त्यातल्या सिम्युलेटरवर चालवा, आणि तेच ड्रॉइंग पीसीबीला (छापील सर्किट बोर्डाला) न्या. एलटीस्पाइस हा दुसरा सिम्युलेटर फुकट आणि उत्तम, पण ओपन-सोर्स नाही. विद्यार्थ्यांनी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम बघावं. त्याच्याही पोटात कायकॅड आणि एनजीस्पाइसच आहेत.

निवड करताना मेनू बघण्यापेक्षा आपल्या आयसीचं मॉडेल, म्हणजे सिम्युलेटरसाठी लिहिलेलं तिचं वर्णन, चालतं का ते आधी बघा. कंपन्यांची मॉडेलं बहुधा पीस्पाइस या व्यावसायिक सिम्युलेटरसाठी लिहिलेली असतात. कायकॅडच्या सिम्युलेटरमध्ये कम्पॅटिबिलिटी मोड पीस्पाइसवर ठेवला की बरीचशी चालतात. एन्क्रिप्ट केलेलं मॉडेल मात्र चालणार नाही. तिथे वेळ घालवू नका.

पहिली चाचणी पॉवर सप्लायची: १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर, लोड अर्धा अँपिअर. ट्रान्सफॉर्मरच्या जागी ठेवलेल्या साइन सोर्सला आरएमएस नाही, पीक (लाटेचा माथा, आरएमएसच्या १.४१ पट) द्यायचा असतो; १२ नव्हे, १७. हीच चूक सर्रास होते. आता शेतावरच्या लाइनचा विचार करून मेन्स २३० वरून १७० व्होल्टवर आणा. पीक साडेबारा, डायोडमध्ये दीड गेला, रिपल (कपॅसिटरवरचा चढउतार) चारेक व्होल्ट; तळाला उरले ७. ७८०५ ला साधारण तेवढे लागतातच. सोर्सला वाइंडिंगचा १ ओहम सिरीजमध्ये जोडला की तेही उरत नाहीत आणि आउटपुटला खड्डे पडतात. कार्ड रात्री आपोआप रिसेट का होतं, ते इथे दिसतं. म्हणून हा ओहम विसरू नका.

१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तर २७० व्होल्टला ७८०५ वर आठेक वॉट उष्णता येते, म्हणजे मोठा हीटसिंक आलाच. आधी १२ व्होल्टचाच ठेवून १००० च्या जागी २२०० मायक्रोफॅरड लावून बघा.

सिंग्युलर मॅट्रिक्सचा एरर आला तर बहुतेकदा ग्राउंड, म्हणजे शून्य नोड, राहिलेला असतो. पण तो ब्रिजच्या निगेटिव्हलाच द्या. सेकंडरीच्या टोकालाही दिलात तर एक डायोड शॉर्ट होतो. हाताने लिहिलेल्या नेटलिस्टमध्ये (सर्किटच्या मजकुरी यादीत) एम म्हणजे मिली; मेगासाठी मेग लिहावं लागतं.