दागिना पालथा घालून बघताना: आठव्या महिन्याची नोंद

दागिने आणि खडे पारखायला शिकण्याचा हा माझा आठवा महिना. मागच्या खेपेला सरावाच्या डबीतल्या वीस खड्यांपैकी अकरा मला बरोबर ओळखता आले होते. या खेपेला सोळा. जे चार चुकले त्यातले दोन तर डोळे झाकून सांगितले असते तरी बरोबर आले असते. त्यांची गंमत शेवटी सांगते.

मला दागिने घडवायचे नाहीत, विकायचेही नाहीत. विकत घेताना समोरचा जे सांगतोय ते कितपत खरं आहे हे कळावं, एवढ्यासाठी हा सगळा उद्योग. हत्यारं तीच जुनी: दहापटीचं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, बारीक टॉर्च आणि पांढरा कागद. सवय मात्र एक नवीन लागली आहे. काहीही हातात आलं की आधी पालथं घालायचं. समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी घासूनपुसून ठेवलेली असते. मागची बाजू, कडीचा आतला भाग, मोत्याचं भोक यांच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलेलं नसतं, त्यामुळे तिथे गोष्टी जशा आहेत तशा दिसतात.

धातूपासून सुरुवात करते. शिक्के आता पाठ झालेत. सोन्याचा कॅरेट चोवीस भागांचा आणि शिक्का हजार भागांचा, म्हणून २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, ९ ला ३७५. १४ कॅरेटचा हिशोब ५८३ येतो, पण शिक्का ५८५ चा असतो. चांदी ९२५, प्लॅटिनम बहुधा ९५०. (खड्याचा कॅरेट हे निराळंच प्रकरण, ते वजन आहे: ०.२ ग्रॅम. उच्चार एक, अर्थ दोन, आणि नवख्याची फजिती ठरलेली.) शिक्का म्हणजे दावा. तो खरा की खोटा ते बघायला मी साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे भिंग लावते. मुलामा असेल तर पहिला तिथेच उडतो आणि खालचं तांबूस किंवा करडं अंग उघडं पडतं.

याच खुणेने मला एकदा चकवलं. एका पांढऱ्या अंगठीचा तळहाताकडचा भाग किंचित पिवळट दिसला. मी ठोकून दिलं, मुलामा आहे, अंगठी खोटी. प्रत्यक्षात ते व्हाइट गोल्ड होतं. त्यात हीण म्हणून पॅलेडियम किंवा निकेल घालतात, तरी सोन्याचा पिवळेपणा पुरता मरत नाही, म्हणून वरून ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा पातळ थर देतात. तो झिजला होता. मुलामा होता हे माझं बरोबर, फक्त त्याच्याखाली सोनं होतं! अशा अंगठीला अधूनमधून पुन्हा ऱ्होडियम द्यावं लागतं, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं. आणि कातडीला निकेल सोसत नसेल तर हीण कुठलं आहे हे आधी विचारून घ्यावं.

या महिन्यातला सगळ्यात आवडता प्रयोग पाण्याचा. पेल्यात पाणी घ्यायचं, पेला काट्यावर ठेवून शून्य करायचं, मग दागिना दोऱ्याने पाण्यात लोंबता धरायचा. तळाला किंवा कडेला टेकला की प्रयोग बाद. काटा जो आकडा दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. दागिन्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता हातात. एक साधी, बिनखड्याची अंगठी ४.१२ ग्रॅम भरली आणि पाण्यात ०.२७ दाखवलं. भागाकार १५.२६, म्हणजे १८ कॅरेटच्या घरात. मी खूश. मग लक्षात आलं की माझा काटा एका शतांशाने इकडेतिकडे होतो. ०.२६ धरलं तर १५.८५, ०.२८ धरलं तर १४.७१! एवढ्याशा अंगठीला हा काटा पुरत नाही. उलट एक भरीव कडं, २०.६० ग्रॅमचं, पाण्यात १.१६ आलं. घनता १७.७६, आणि शतांशाची चूक गृहीत धरूनही १७.६ ते १७.९. हा आकडा २२ कॅरेटचाच, यात मला शंका नाही. पोकळ दागिन्यात हवा अडकते आणि खडे असले तर सगळाच हिशोब बिघडतो, तेव्हा ही पद्धत भरीव आणि वजनदार वस्तूंसाठीच. शिवाय टंगस्टनची घनता १९.२५ आणि शुद्ध सोन्याची १९.३. आत टंगस्टन भरून ठेवलं असेल तर पाणी बिचारं काय सांगणार!

आता खडे. डबीतलं सातव्या क्रमांकाचं माणिक मी तीन महिने अस्सल समजत होते. रंग गडद, आत काहीच नाही, अगदी स्वच्छ. तेव्हाच शंका यायला हवी होती. या महिन्यात पांढऱ्या कागदावर पालथं ठेवून, खालून उजेड देऊन, सावकाश फिरवलं. एका कोनात अचानक बारीक वक्र रेघा दिसल्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. हे वर्न्युइल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीचं, म्हणजे कृत्रिम माणिक. १९०२ मध्ये त्याने ती जाहीर केली: अॅल्युमिनाची (माणिक ज्याचं बनतं त्या द्रव्याची) पूड ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि खालच्या गोलसर डोक्यावर थरावर थर चढत जातो. डोकं गोल, म्हणून थरही वक्र. जमिनीतला स्फटिक सपाट पृष्ठांनी वाढतो, त्याच्या रेघा सरळ असतात आणि कोनात मिळतात. एवढं कारण कळल्यावर ती खूण विसरणं शक्य नाही. आणखी एक भ्रम गेला. जुन्या अंगठीतलं माणिक म्हणजे खाणीतलंच, असं काही नाही. कृत्रिम माणिक शंभर वर्षांहून जुनं असू शकतं.

दुसरं एक माणिक तिरपं केलं की भेगांत निळसर झळक मारतं आणि आत चपटे बुडबुडे दिसतात. त्या भेगांमध्ये शिशाची काच भरली आहे. माझं मत विचाराल तर माणिक-नीलम तापवून रंग सुधारलेला असेल आणि विकणाऱ्याने तसं सांगितलं असेल, तर माझी हरकत नाही, बाजारातले बहुतेक तसेच असतात. काच भरलेल्याला मात्र माणिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लिंबाच्या रसानेसुद्धा ती काच खराब होते.

तिसऱ्या लाल खड्याने माझा एक गुण घेतला. मी माणिक म्हटलं, निघाला स्पिनेल, म्हणजे माणकासारखाच दिसणारा निराळा खडा. माणिक फिरवलं की एका दिशेला जांभळट लाल आणि दुसऱ्या दिशेला नारिंगीकडे झुकणारा लाल दिसतो. स्पिनेल कसाही फिरवा, एकच रंग. ब्रिटनच्या राजमुकुटातलं प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ही स्पिनेलच आहे, तेव्हा मी चांगल्या संगतीत चुकले.

दुसरा गुण मोइसनाइटने नेला, हा हिऱ्यासारखा दिसणारा पण निराळा खडा. उष्णता मोजणारी पेन लावली, ती ‘हिरा’ म्हणून वाजली, मी हिरा लिहून मोकळी. मोइसनाइटही उष्णता भराभर वाहून नेतं, म्हणून साधी पेन फसते. भिंगातून बघितलं होतं, पण वरून सरळ. तसे पैलू एकेरीच दिसतात, कारण खडा बहुधा त्याच हिशोबाने कापलेला असतो. बाजूच्या पैलूतून तिरकं बघितल्यावर मागच्या कडा चक्क जोडीने दिसल्या. हिऱ्यात असं होत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र हिराच असतो, तो भिंगाने वेगळा काढता येत नाही. तिथे प्रमाणपत्र बघायचं.

पाचूच्या बाबतीत तर माझ्याच हाताने घात झाला. पाचूचं कानातलं ध्वनिलहरींच्या सफाईयंत्रात टाकलं. पाचूच्या भेगा लपवायला तेल मुरवलेलं असतं, ते निघालं आणि आधी न दिसलेल्या भेगा पांढऱ्या होऊन वर आल्या. पाचू ओल्या मऊ फडक्यानेच पुसायचा.

मोती शेवटी ठेवले, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे जातोय. पहिलं बघायचं पाणी, म्हणजे मोत्याची चमक. मोत्यात दिव्याचं प्रतिबिंब किती रेखीव दिसतं त्यावरून ते कळतं. कडा धूसर असेल तर मोती खडूसारखा. मग माळ सपाट कापडावर लोळवायची. गोल नसलेले मोती लगेच डुगडुगतात, आणि एखादा मोती लोळताना उघडझाप करत असेल तर वरचा थर पातळ, आतला शिंपल्याचा मणी त्यातून जाणवतोय. मग भोक. एका करड्या माळेत भोकाच्या कडेला रंग दाट साचला होता, म्हणजे रंगवलेली. दुसरीत भोकाजवळ पापुद्रा सुटून खाली काच चमकत होती. दातावर घासायची जुनी परीक्षाही खरी आहे: अस्सल थर अॅरॅगोनाइट नावाच्या खनिजाच्या सूक्ष्म फरश्यांचा, म्हणून रवाळ लागतो. पण दुसऱ्याच्या माळेवर मी ती करत नाही, दोन मोती एकमेकांवर हलकेच घासते.

बाजारातले जवळजवळ सगळे मोती संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले. जपानच्या मिकिमोटोने १८९३ मध्ये अर्धगोल मोती काढून दाखवला, तिथून ते सुरू झालं. नैसर्गिक की संवर्धित हे एक्स-रे ठरवतो, मी नाही. एक गोष्ट मला उलटी वाटायची: गोड्या पाण्यातले बहुतेक मोती मणी न घालता, नुसता मांसल पेशींचा तुकडा लावून वाढवतात, म्हणून ते आरपार त्याच थराचे असतात. ज्यांना मी हलकं समजत होते त्यांचाच थर जाड.

राहिले दोन पिवळे खडे. एक पुष्कराज (टोपाझ, पिवळा नीलम नव्हे), एक सिट्रीन, म्हणजे पिवळं क्वार्ट्झ. रंग बघून मी झटकन ठरवलं, ‘हा गडद तो पुष्कराज’. काटा आणि पाण्याचा पेला समोरच होता. उत्तरं बघितल्यावर दोन्ही तोलले: गडद २.१२ ग्रॅम, पाण्यात ०.८०, घनता २.६५, म्हणजे क्वार्ट्झ. फिका २.०५ ग्रॅम, पाण्यात ०.५८, घनता ३.५३, पुष्कराज. नेमकी अदलाबदल. आता डबीत त्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या आहेत आणि डबीच्या झाकणाला आतून ‘आधी काटा’ असं चिकटवलं आहे.