पगडी दिली, टोपी घातली

टोपी आपल्या हाताने डोक्यावर ठेवली तर इभ्रत, दुसऱ्याने घातली तर फसवणूक. टोपी तीच, डोके तेच, हात तेवढा बदलला. मराठीत डोक्यावरच्या वस्तूंचे हे असेच आहे. नुसत्या नामावर विसंबून चालत नाही, पुढचे क्रियापद ऐकेपर्यंत थांबावे लागते.

गावाकडच्या सत्कारात टोपी, टॉवेल आणि नारळ ठरलेले. तिथे पाहुण्याच्या डोक्यावर खरोखरच टोपी घालतात, पण निवेदक चुकूनही तसे म्हणत नाही. ‘टोपी-टॉवेल देऊन’ सत्कार होतो. पाहुणे पतसंस्थेचे अध्यक्ष असतील तर ही काळजी जरा जास्तच घ्यावी लागते. फेट्याला असला धोका नाही. तो दुसऱ्यानेच बांधायचा आणि आपण मान खाली घालून बांधून घ्यायचा. बांधून झाला की मान आपोआप ताठ होते.

टोपी उडवली की थट्टा आणि फिरवली की पक्षांतर. राजकारणात टोपीने जेवढे सोसले तेवढे धोतरानेही सोसले नसेल. तरी मौज पाहा, जी टोपी गांधींच्या नावाने ओळखली जाते, ती त्या गांधीजींनी १९२१ मध्येच सोडून दिली आणि पंचा नेसला. नाव त्यांचे राहिले, डोकी इतरांची.

त्याच्याही कितीतरी आधी मराठी कागदपत्रांत ‘टोपीकर’ होते. इंग्रज, फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, सगळे एकाच शब्दात बसवलेले. मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथात यांना सावकारांतच मोजले, पण हे इतर सावकारांसारखे नव्हेत, असेही बजावले. पुढे त्या टोपीकरांनी काय केले हे सांगायला आजही ‘टोपी घातली’ इतका नेमका वाक्प्रचार दुसरा सापडायचा नाही.

पगडी हा जास्त घरंदाज शब्द. निदान मुंबईत भाड्याचे घर शोधेपर्यंत तसे वाटते. तिथे पगडी दिसत नाही, ती मोजून द्यावी लागते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. शहर फुगत गेले, जागेची किंमत आकाशाला भिडली, भाडे मात्र होते तिथेच. मग मालकाने नव्या भाडेकरूकडून एकरकमी मोठी रक्कम घ्यायची आणि भाडे नावापुरते ठेवायचे, असा मार्ग निघाला. जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून पैसे घेई आणि त्यातला हिस्सा मालकाला देई. कायद्याने हा गुन्हा होता, म्हणून व्यवहार रोखीत आणि पावतीशिवाय. अर्धशतक असे चालल्यावर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्या रकमेला मान्यता दिली. आता पगडीची घरे पुनर्विकासाला निघाली आहेत आणि पगडी दिलेला माणूस भाडेकरू की अर्धा मालक, यावर वकिलांची घरे चालली आहेत. मला तरी या प्रकाराचे नाव फार चपखल वाटते. इतके पैसे देऊनही जागा आपली होत नाही, नुसता तोरा आपला होतो.

‘अठरापगड’ शब्द हल्ली भाषणांत फार प्रेमाने येतो. अठरापगड जातींना सोबत घेऊन वगैरे. ऐकायला ऐसपैस वाटतो, पण आत डोकावले की दिसते, माणसाला नाव विचारायच्या आधी लोक त्याचे डोके पाहत होते. बांधण्याची तऱ्हा पाहिली की जात कळे आणि कुठे बसवायचे तेही ठरे. हा शब्द समावेशक कधी झाला, कोण जाणे.

ती सवय पुरती गेलीय, असेही नाही. पुणेरी पगडी तयार शिवलेली असते, नुसती उचलून ठेवायची. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिच्यासोबत न्यायमूर्ती रानडे, टिळक अशी डोकी आठवतात, आणि फुल्यांचे पागोटे म्हटले की वेगळी परंपरा उभी राहते. त्यामुळे पुण्यात सत्कार ठरला की हार-तुऱ्यांआधी आयोजकांत चर्चा होते ती पगडी की पागोटे याची. बैठका होतात, फोन होतात, क्वचित पत्रकेही निघतात. पाहुण्याच्या डोक्याचे माप मात्र कोणी विचारत नाही.