सुट्टीत घरची आमटी गोड का लागते

डिसेंबरात लंडनहून, लीड्सहून पोरं पुण्याला येतात. पहाटे मुंबईला विमान उतरतं आणि दुपारी कोथरूडच्या घरात ताट वाढलेलं असतं: भात, चिंच-गुळाची आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. पहिल्याच भुरक्याला लेक विचारते, "आई, आज गूळ जास्त पडलाय का गं?" आई वाटीतली आमटी चाखून बघते. "नेहमीएवढाच आहे की." दोघीही खरंच बोलत असतात. मग कुणीतरी शेरा मारतं, तिकडे राहून नखरे आले.

नखरे नसतात हो. परदेशात एकट्यानं स्वयंपाक करताना बहुतेकांचं मीठ-साखर आपोआप कमी होतं. चहात साखर घालायची सवय सुटते, फरसाणाचा डबा हाताशी नसतो, उकडलेल्या भाज्या आणि सॅलड वाढतं. कुणी मुद्दाम पथ्य म्हणून करतं, कुणी आळसानं. तीनेक महिने असं खाल्लं की जिभेचं माप सरकतं. पण मिठाचं एका तऱ्हेनं सरकतं, साखरेचं दुसऱ्या. हा फरक कळला नाही की "आम्ही कमी करून पाहिलं, जमत नाही" अशी गाडी अडते.

आधी एक गैरसमज. चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या येतात हे खरं आहे. त्यावरून दहा दिवस अळणी खा, जीभ नवी होईल, असे सल्ले फिरत असतात. पेशी नव्या आल्या तरी आवड जुनीच राहते, कारण "बरोबर खारट" म्हणजे किती, हे माप मेंदूत सवयीनं बसलेलं असतं. ते हलायला आठ ते बारा आठवडे लागतात. अकराव्या दिवशी आमटी अळणीच लागली म्हणून निराश होणारे बरेच असतात. घाई त्यांची नसते, सल्ल्याची असते.

मिठावरचं संशोधन अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर या चव-वासाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत १९८०च्या दशकात नीट झालं. माणसांना काही महिने कमी मिठाचं जेवण दिलं, तर त्यांना आवडणारी खारटपणाची पातळीच खाली आली. आधी जे सूप बरोबर वाटायचं ते आता खारट वाटू लागलं. पुढचा प्रयोग त्याहून मजेदार. काहींनी जास्तीचं मीठ जेवणात घातलं, काहींनी तेच मीठ गोळ्यांतून गिळलं. आवड वाढली ती फक्त जेवणात घालणाऱ्यांची. म्हणजे रक्तात किती मीठ गेलं याच्याशी आवडीला फारसं देणंघेणं नाही, जिभेला रोज काय भेटतं यावर ती बसते.

आता घरच्या आमटीचा हिशोब. चौघांसाठी साधारण एक लिटर आमटी होते आणि तिच्यात सपाट दीड छोटा चमचा, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास मीठ पडतं. दीडशे मिलिलिटरच्या दोन वाट्या आमटी घेतली की २.७ ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. निम्म्याहून जास्त आमटीतच संपलं. भाजी, पोळीच्या कणकेतलं, पापड, लोणचं अजून बाकीच आहेत.

ते नऊवरून एकदम पाचवर आणू नका. दोन आठवडे आठ ग्रॅम, मग दोन आठवडे सात, मग सहा. एका वेळी दहावा हिस्सा कमी झाला तर बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. ब्रिटनमध्ये ब्रेड बनवणाऱ्यांनी हेच केलं. २००१ ते २०११ या काळात तिथल्या ब्रेडमधलं मीठ सुमारे पाचव्या हिश्शानं उतरलं आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही. घरी मात्र चिमटीनं हे होत नाही. चिमूट रोज वेगळी असते आणि घाईच्या दिवशी मोठी. मिठाच्या बरणीत एकच छोटा चमचा ठेवा, सुरीनं सपाट करून घ्या. ग्रॅमचा काटा असेल तर उत्तमच.

पातेल्यात कमी केलं की ताटात वरून घेतील, मग उपयोग काय, अशी शंका हमखास येते. मोनेलच्याच एका प्रयोगात हेही तपासलं होतं. स्वयंपाकातलं मीठ बरंच कमी केल्यावर लोकांसमोर मीठदाणी मोकळी ठेवली. कमी झालेल्या मिठाच्या पाचव्या हिश्शाएवढंही त्यांनी परत घेतलं नाही. आपल्याकडे ताटाच्या वरच्या टोकाला मीठ आणि शेजारी लिंबाची फोड वाढतात. ती रीत मोडू नका. वरून घातलेलं मीठ थेट जिभेला लागतं, म्हणून थोडं पुरतं. बटाट्याच्या भाजीत तर याचा मोठा फायदा होतो. शिजताना घातलेलं मीठ फोडीच्या आत मुरतं आणि तिथं त्याची चव कमीच जाणवते. निम्मं मीठ फोडणीत आणि उरलेलं गॅस बंद केल्यावर घातलं, तर एकूण कमी घालूनही भाजी चवीला पुरी लागते. अळणी भाकरी आणि तिखट-खारट ठेचा हा जुना हिशोबही असाच.

जिथं मीठ कमी करू नये ती जागा म्हणजे लोणचं. तिथं मीठ चवीपुरतं नसतं, ते टिकवण्यासाठी असतं. कैरीच्या लोणच्यात हात आखडला की फोडी मऊ पडतात, बुरशी धरते आणि बरणी टाकावी लागते. मीठ नेहमीचंच घाला, फोड नखाएवढी वाढा.

कमी मिठात आणखी एक गोष्ट बिघडते, आणि तिचा दोष भाजीवर जातो. मीठ कडूपणा दाबतं. ते उतरलं की मेथी अचानक कडू लागते. कारलं तर विचारूच नका. ब्रिटनमध्ये मिळणारं केल (एक पालेभाजी) आणि ब्रसेल्स स्प्राउट्स (इवलेसे कोबीचे गड्डे) आपल्या मंडळींना आवडत नाहीत त्यामागेही निम्मं कारण हेच असतं, कारण ते नुसते उकडून खाल्ले जातात. उपाय मीठ वाढवणं नाही. कांदा चांगला तांबूस परता, त्याचा गोडवा कडूपणावर बसतो. मुगाची भिजवलेली डाळ किंवा दोन चमचे दाण्याचं कूट घाला. आंबटपणाही मदतीला येतो: शेवटी पिळलेल्या अर्ध्या लिंबानं कमी मिठाची भाजी उठून येते. काही जणांची कडू चव मुळातच, जनुकांमुळे, जास्त तीव्र असते. त्यांना "सवय होईल" असं दामटून सांगण्यात अर्थ नाही, दुसरी भाजी द्या.

आता साखर. इथं गंमत वेगळी आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोनेलच्या प्रयोगात एका गटानं तीन महिने साध्या साखरा चाळीस टक्क्यांनी कमी केल्या. तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग त्यांना नेहमीचंच खाणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त गोड लागलं. पण किती गोड आवडतं, ते बदललं नाही. आणि हवं ते खायची मोकळीक मिळाल्यावर ते लवकरच जुन्या साखरेवर परतले, चवीतला फरकही पुसला गेला. म्हणजे मिठाची आवड स्वतःहून खाली उतरते, गोडाची ओढ तशी उतरत नाही. लेकीला आमटी जास्त गोड लागते हे खरं, पण चौथ्या दिवशी तीच लेक मस्तानी मागवते हेही खरं. तिला ढोंगी म्हणू नका.

म्हणून साखरेसाठी आवड बदलायची वाट बघण्यात वेळ जातो. पदार्थातली साखर कमी करून तो पदार्थ चांगला लागेल अशी व्यवस्था करावी लागते. चहाच घ्या. सपाट छोट्या चमच्यात चार ग्रॅम साखर मावते. दोन चमच्यांचे तीन कप म्हणजे चोवीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना साखरेसाठी जी कडक मर्यादा सुचवते ती सुमारे पंचवीस ग्रॅम, तीही दिवसभराच्या सगळ्या खाण्याची. साखर दोन चमच्यांवरून एकावर आणली आणि बाकी कृती तीच ठेवली, तर चहा तुरट-कडू होतो. लोक म्हणतात बिनसाखरेचा चहा पिववत नाही. खरी अडचण उकळण्यात असते. अमृततुल्यचा चहा पत्ती चांगली उकळून करतात, त्यातला कडवटपणा साखरेनंच झाकलेला असतो.

कमी साखरेचा दोन कप चहा असा करा. दीड कप पाण्यात ठेचलेलं आलं दोन मिनिटं उकळा. आलं आधी पाण्यात, हा क्रम चुकवू नका. कच्च्या आल्यातलं एन्झाइम दूध फाडतं, उकळलं की ते निकामी होतं. मग पत्ती सपाट दीड छोटा चमचा, आच मंद, दीड-दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग पाऊण कप दूध आणि एकच उकळी. दुधाची स्वतःची साखर शंभर मिलिलिटरला साडेचार-पाच ग्रॅम असते, ती थोडा गोडवा देते. वेलची घातली तर चहा गोडसर भासतो, कारण तो वास आपण गोडाशीच जोडलेला आहे. साखर दर दोन आठवड्यांनी पाव चमचा कमी करा. गूळ घालून सुटका नाही, गुळाचाही बहुतांश भाग साखरच असतो. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांनी गोडाची सवय तशीच राहते, आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलंच आहे.

आमटीतला गूळ कमी करताना चूक ठरलेली: गूळ कमी, चिंच तेवढीच. मग आमटी आंबट ढाण होते आणि घरातले जुन्या गुळावर परततात. आधी चिंचेचा कोळ तिसऱ्या हिश्शानं कमी करा, आठवडाभरानं गूळ निम्मा. आमसूल घालत असाल तर तीनाची दोन. गोडा मसाला मात्र तेवढाच, उलट पाव चमचा जास्त चालेल. पुरणाचा नियम वेगळा. हरभऱ्याची डाळ आणि गूळ बरोबरीनं घेतात, तिथं गूळ पाऊणपट करता येतो, पण त्याखाली गेलं तर पुरण कोरडं पडतं आणि पोळी लाटताना फुटते. सणाची पोळी वर्षातून किती वेळा होते? तिच्यामागे लागू नका, रोजच्या चहामागे लागा.

तिखटाचं प्रकरण चवीचं नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेची आणि वेदनेची जाणीव देणाऱ्या नसांना चेतवतं. रोज खाल्लं की त्या बोथट होतात, बंद केलं की पुन्हा जाग्या होतात. म्हणून तिकडून आलेल्याला पहिल्या दिवशी मिसळीचा कट घाम फोडतो. पाणी पिऊन आग पसरते, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध घ्यावं. पहिल्या दिवशी तर्री बाजूला मागवावी, आठवडाभरात बरंचसं जमतं.

बाहेरच्या पाकिटांचा हिशोब दोन्हीकडे वेगळा छापतात, तिथं फसगत होते. ब्रिटनमध्ये मीठ ग्रॅममध्ये लिहितात, आपल्याकडे सोडियम मिलिग्रॅममध्ये. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. शंभर ग्रॅम शेवेवर ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर ते दोन ग्रॅम मीठ झालं. ब्रिटनच्या रंगीत लेबलांवर शंभर ग्रॅमला दीड ग्रॅमपेक्षा जास्त मीठ असलं की लाल रंग येतो, ०.३ ग्रॅमपर्यंत हिरवा. शेव, चिवडा, बाकरवडीच्या पाकिटांना हे गणित एकदा लावून बघा.

परदेशी जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडे मीठ आयोडीनयुक्त असतं. ब्रिटनमधलं दुकानातलं साधं मीठ बहुधा तसं नसतं. तिथल्या लोकांना आयोडीन मुख्यतः दूध आणि मासळीतून मिळतं. दूध सोडलेला, मासे न खाणारा आणि मीठ कमी केलेला माणूस तिथं आयोडीनला मुकतो. भारतीय दुकानात आयोडीनयुक्त पाकीट मिळतं, तेच घ्यावं. सैंधवाचा इथं उपयोग नाही, तेही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड. पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. निरोगी माणसाला चालतं, पण जास्त पडलं की किंचित कडू, धातूसारखं लागतं. आणि चव हळूहळू न बदलता अचानक गेली किंवा तोंडात सतत धातूची चव येऊ लागली, तर ते आहाराचं काम नाही, एखाद्या औषधाचं किंवा आजाराचं असू शकतं, दाखवून घ्यावं.

उलटा प्रवासही होतो. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर ब्रिटनला येतात, पहिले पंधरा दिवस "काहीच चव नाही" म्हणत मीठ मागतात. मागू द्यावं, ताटात वाढावं. पातेल्यातलं तेवढं त्यांच्यासाठी वाढवू नये. तिसऱ्या महिन्यात मागणं थांबतं.

पुण्याच्या घरात हे चालू करायचं असेल तर सगळ्यात सोपी मोजणी मिठाच्या पिशवीची आहे. पिशवी फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेननं लिहा. चौघांना दिवसाला प्रत्येकी पाच ग्रॅम धरलं तर किलोभर मीठ पन्नास दिवस पुरतं. लोणच्याचं मीठ वेगळ्या पिशवीतून घ्यावं, नाहीतर हिशोब बिघडतो. पापड, फरसाण, बाहेरचं खाणं या पिशवीत मोजलं जात नाही, त्यामुळे ती साठ-सत्तर दिवस चालायला हवी. बऱ्याच घरांत ती महिन्याभरात संपते.