काकांना फक्त काकूंचंच ऐकू येत नव्हतं

"ह्यांना मुद्दाम ऐकू येत नाही," माझ्या कानतपासणीच्या खोलीत खुर्चीत टेकायच्या आधीच काकूंनी निकाल देऊन टाकला. "कट्ट्यावर मित्रांचं समदं कळतंय. मी सैपाकघरातनं बोलले की मात्र बहिरे."

काका इचलकरंजीचे, पस्तीस वर्षं यंत्रमागावर काढलेले. माझ्याशी इतक्या सहज गप्पा मारत होते की मलाही क्षणभर काकूंचंच खरं वाटलं. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की एकाच स्वरात घुमणारा धातूचा चिमटा, कानापाशी धरला, तर छान ऐकू आला; कानामागच्या हाडावर टेकवला, तर त्यापेक्षा कमी. म्हणजे पडदा आणि त्यामागची तीन इवली हाडं आपलं काम करत होती. मग साउंडप्रूफ खोलीत बसवून हेडफोन चढवले; स्वर ऐकू आला की बटण दाबायचं. हर्ट्झ जितके जास्त, तितका स्वर बारीक.

२५० हर्ट्झला बटण झटकन दाबलं गेलं. १००० ला जरा उशिरा. ४००० ला मी आवाज चढवत गेले: ५०, ६०, ७० डेसिबल. काचेपलीकडे काका अंगठा बटणावर ठेवून शांत बसलेले. ७५ ला दाबलं. ८००० ला मात्र पुन्हा ६० वरच. वयाने जाणारा कान उतरणीसारखा खाली खाली जातो. ४००० वर असा खड्डा पडतो तो गोंगाटाने. मागाचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास. ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, हा आमचा हिशोब लावला तर तिथे दिवसाला जास्तीत जास्त १५ मिनिटं राहावं. काका बारा तासांची पाळी करायचे. कानातल्या शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या केसपेशी असतात. त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत.

पण मग माझं बोलणं कसं कळत होतं? मी केसपेपर तोंडासमोर धरला आणि म्हटलं, "सात."

"हात."

"शाळा."

"काळा?"

पेपर खाली घेऊन तेच शब्द पुन्हा म्हटले. दोन्ही शब्द बरोबर.

"काका, तुम्ही ओठ वाचताय."

"मग? धोट्याच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येतंय व्हय कुणाला? तोंडाकडंच बघायचं." यात सांगण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. कट्ट्यावरचे मित्रही मागावरचेच, समोरासमोर बसणारे.

काकूंना कागदावर दार आणि भिंत काढून दाखवली. आ, ओ हे स्वर जाड. २५० हर्ट्झची लाट जवळपास १.४ मीटर लांब, ती दाराच्या कडेने वळून बाहेरच्या खोलीत येते. स, श यांची सळसळ ४००० च्या आसपास नि वर. ती लाट ८-९ सेंटीमीटरची, सरळ जाणारी. बरीचशी सैपाकघरातच राहते. उरलीसुरली पोचते ती काकांच्या खड्ड्यात. त्यात काकूंची पाठ. "साखर संपली"चं काकांपर्यंत नुसतं "आ... अ... अं... ई" येतं. त्यांना कुणीतरी बोललं एवढं कळतं, काय ते कळत नाही.

श्रवणयंत्राचं माप घ्यायला पुढच्या आठवड्यात या म्हटलं. काकू बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मग पदर तोंडाला लावून काहीतरी पुटपुटल्या.

काका माझ्याकडे वळले. "काय म्हणाली ओ ही?"