कोणाला रे? माशांना?

आठवीत इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर 'अनसेफ' लिहिलं आणि वाक्यं करायला सांगितली. एकानं ठोकून दिलं, 'द रिव्हर इज अनसेफ.' सर म्हणाले, "कोणाला रे? माशांना?" वर्ग खो खो हसला, पण अख्खा तास त्याच प्रश्नावर गेला. प्यायला अनसेफ, पोहायला अनसेफ, की काठावर राहायला? 'टू' लावा, 'फॉर' लावा, वाक्य अर्धवट सोडायचं नाही!

सांगलीच्या पोरांना हे समजायला वेळ लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पण सखल भागातल्या सूर्यवंशी प्लॉटातली माणसं ४० व्हायच्या आतच बोजा बांधायला घेतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मात्र 'कोणाला?' विचारायची सोय राहिली नाही.

'इनसिक्युअर' सरांनी वेगळं काढून दाखवलं. उघडी वायर अनसेफ. नोकरी किंवा मन इनसिक्युअर. मुळात लॅटिनमध्ये 'सेक्युरुस' म्हणजे ज्याला काळजी नाही तो.

पुढं मी फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, सेफ्टीच्या कामाला लागलो आणि 'अनसेफ' रोजचाच झाला. आमच्या धंद्यात 'अनसेफ कृती' आणि 'अनसेफ परिस्थिती' अशी जोडी आहे. अमेरिकेतल्या हाइनरिकनं १९३१ साली मांडलं की ८८ टक्के अपघात कृतीमुळं होतात, १० टक्के परिस्थितीमुळं आणि २ टक्के टळण्यासारखे नसतात. प्रशिक्षणात हे आकडे अजून ऐकवतात. मला ते कधीच पटले नाहीत. आकडे निघणार अपघातांच्या अहवालांवरून, आणि अहवाल सुपरवायझर भरणार म्हटल्यावर चूक कामगाराचीच निघणार, दुसरं काय? जमिनीवर तेल सांडलेलं असताना माणूस घसरला, तर ती कृती की परिस्थिती?

लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड घ्यायचं भांडं. रजिस्टरात नुसतं 'लॅडल अनसेफ' लिहून ठेवलं, तर रात्रपाळीच्या माणसानं काय समजायचं? ओल धरलेला लॅडल तसा निरुपद्रवी दिसतो. त्यात वितळलेलं लोखंड ओतलं की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आकारमान हजार पटींहून जास्त वाढतं आणि मेटल उसळून अंगावर येतं. म्हणून अशा लॅडलवर मी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून घेतो: 'ओला आहे. तापवल्याशिवाय मेटल घेऊ नये.' खाली वेळ आणि सही.