माझा अनुभव : गव्हावर दळलेली ज्वारी

मला सिलिॲक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचे निदान झाले तेव्हा, लातूर जिल्ह्यात राहणाऱ्या बाईला गहू सोडणे जड जाणार नाही, असे सगळेच म्हणाले. त्यात तथ्यही होते, कारण ज्वारीची भाकरी हे आमचे रोजचे जेवण आहे आणि ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी यांत ग्लूटेन नसते. तरीही येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात जेवल्यावर गहू माझ्या पोटात गेलाच.

त्या दिवशी गव्हाच्या खिरीला मी हात लावला नव्हता. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते म्हणून जाऊबाईंनी भज्जीत हिंगही टाळला होता आणि माझे ताट सर्वांत आधी वाढले होते. रात्री मात्र पोट तट्ट फुगले, मुरडा आला आणि पहाटेपर्यंत उलट्या-जुलाब चालू राहिले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पोटात गेलेले ग्लूटेन निष्प्रभ करणारे औषध नाही. शरीरातले पाणी कमी होऊ द्यायचे नाही आणि आतड्याला विसावा द्यायचा. त्यामुळे जलसंजीवनी, तांदळाची पेज आणि मुगाचे वरण यांवर मी दिवस काढले. आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा झाली की दुधातली साखर पचवणारे विकर कमी पडते, म्हणून दूधही काही दिवस बंद होते. चक्कर आली, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले तर तात्काळ यायचे, असेही त्यांनी बजावले होते. जुलाब लवकर थांबले. थकवा आणि तोंडातले फोड मात्र बरेच रेंगाळले.

जरा बरे वाटताच मी जाऊबाईंना फोन केला. "अगं, तुझी ज्वारी मी स्वतः निवडली, पीठही नव्या डब्यात ठेवलं," असे त्या कळवळून म्हणाल्या, आणि ते अक्षरशः खरे होते. मग दळणाचा विषय निघाला. सणामुळे गिरणीत गर्दी होती आणि आमची ज्वारी गव्हावर टाकली गेली होती. जात्याच्या दगडांत आणि पीठ पडते त्या कापडी नळीत आधीच्या दळणाचे पीठ राहतेच. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालते. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन धरला, तर 5 किलो ज्वारीत 10 ग्रॅम गव्हाचे पीठ मिसळले, तरी हे प्रमाण साधारण दहापट होते.

हे आकडे जाऊबाईंना सांगून फारसे काही साधले नसते. "उपवासाची भगर आपण गव्हावर दळून आणतो का?" एवढेच मी विचारले आणि त्यांना सगळे उमगले. उपवासाचे पीठ वेगळे दळावे लागते हे प्रत्येक गिरणीवाल्याला ठाऊक असते आणि त्याबद्दल कोणी वादही घालत नाही. तोच काटेकोरपणा आजारी माणसासाठी मागायला बायकांना संकोच वाटतो, तो वाटू नये असे मला मनापासून वाटते.

आता माझे दळण घरघंटीवर होते आणि तिच्यात गहू कधीच पडत नाही. एखाद्या वेळी झालेली चूक रक्ततपासणीतल्या प्रतिपिंडांत (अँटिबॉडीजमध्ये) दिसेलच असे नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे केवळ अहवालावर मी विसंबत नाही. सासरी जाताना पीठ सोबत नेते. लाकडी काटवटीच्या भेगांत कणीक अडकून राहते, म्हणून जाऊबाईंनी माझ्या भाकरीसाठी स्टीलची परात आणि नवा तवा वेगळा काढून ठेवला आहे.